कोल्हापुरात राहून लोकप्रिय संगीताचे शिक्षण आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल येथील एका पालकांची मुलगी यंदा वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायनाच्या परीक्षा तिने मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या आहेत, कीबोर्डही ती बऱ्यापैकी वाजवते, आणि तिला भावगीत, भक्तिगीत, चित्रपटगीत अशा लोकांच्या रोजच्या ऐकण्यातल्या संगीतातच काम करायचे आहे. परदेशात महाविद्यालयीन पातळीवर अशा संगीताचा अभ्यास होतो आणि त्याला जोडून कामाचा अनुभवही मिळतो, असे तिने वाचले आहे. कोल्हापूर न सोडता असे काही जमेल का, पदवी कोणती घ्यावी, अनुभव कोणाकडे मिळेल आणि रात्रीच्या कार्यक्रमांना मुलीला पाठवावे का, असे त्यांनी विचारले आहे. मी वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो, गाण्यांचे संगीत संयोजन करतो आणि माझ्या छोट्या ध्वनिमुद्रण कक्षात शिकाऊ मुले-मुली येत असतात. हे उत्तर त्या कामातूनच आलेले आहे.

जमेल, असे पहिल्यांदाच सांगतो. मात्र बोस्टनच्या बर्कली महाविद्यालयात १९४५ पासून जसे हे संगीत एका छपराखाली शिकवले जाते, तसे इथे एका अर्जावर सगळे मिळणार नाही. पदवी एका ठिकाणी, गळ्याची आणि हाताची तयारी दुसऱ्या ठिकाणी आणि काम तिसऱ्या ठिकाणी, अशी जुळवणी आपल्यालाच करावी लागेल. या तिन्हींत पालकांचे सर्वाधिक लक्ष पदवीकडे असते आणि मुलांचे माईककडे. माझे मत असे आहे की, शिकाऊ काळात मुलांनी माईकपासून थोडे लांब राहून गाण्याच्या आजूबाजूचे काम शिकावे, कारण गाणे शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण गाणे उभे कसे राहते हे काम करता करताच कळते. या उत्तराचा बराच भाग मी त्यासाठीच खर्च करणार आहे.

आधी आपल्या भागात या क्षेत्रात काम कोणते आहे ते पाहू. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओमुळे त्यानंतरही कित्येक वर्षे इथे चित्रपट होत राहिले, तरी गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचे केंद्र मुंबई-पुण्याकडे सरकले ते सरकलेच. ज्या शहरात १९१९ मध्ये सुधीर फडके जन्मले, त्या शहरातल्या गायक-वादकांना चित्रपटाच्या कामासाठी गाव सोडावे लागते, ही स्थिती फार जुनी आहे. इथे शिल्लक राहिले आणि वाढले ते प्रत्यक्ष कार्यक्रमांचे काम. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, हळदीचे कार्यक्रम आणि गावोगावच्या यात्रा यांवर वाद्यवृंद, बँजो पार्ट्या, ब्रास बँड आणि ध्वनियंत्रणा पुरवणारे लोक पोट भरतात. त्याच्या जोडीला छोटे ध्वनिमुद्रण कक्ष आहेत, जिथे जोतिबाची आणि अंबाबाईची गाणी, शाळांची स्वागतगीते, निवडणुकीच्या प्रचाराची गाणी आणि हल्ली यूट्यूबसाठीची प्रेमगीते होतात. मोरेवाडीच्या चित्रनगरीत चित्रीकरण असले की जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी माणसे लागतात. आकाशवाणीचे कोल्हापूर केंद्र आणि खासगी रेडिओ वाहिन्याही शहरात आहेत. एवढे काम एखाद्या शिकाऊ मुलीला तीन वर्षे पुरून उरणारे आहे, फक्त ते आपण होऊन दारात येत नाही.

आता पदवी. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. तिथे स्वतः जाऊन त्या वर्षीची माहितीपुस्तिका घ्यावी, प्रवेशाची पात्रता पाहावी आणि शक्य झाल्यास एखाद्या तासाला मागे बसण्याची परवानगी मागावी. आपल्याकडच्या विद्यापीठांतील संगीत विभागांचा पाया मुख्यत्वे शास्त्रीय संगीताचा आहे, आणि सुगम संगीत करू पाहणाऱ्या मुलांना सुरुवातीला ते अडचणीचे वाटते. माझ्या मते ती अडचण नाही. चाल ऐकताक्षणी तिचे स्वर ओळखता येणे, लय न सोडता मात्रा मोजता येणे आणि गळा रोज एका शिस्तीत बसवणे हे तिथे पक्के होते, आणि कीबोर्डवर कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) बसवतानाही हेच कामाला येते. यमन राग ज्याच्या गळ्यात पक्का आहे त्याला तीव्र मध्यमाखाली कोणता कॉर्ड खटकतो हे सांगावे लागत नाही.

संगीताची पदवी न घेता शहरातल्या एखाद्या महाविद्यालयात बी. कॉम. करून बाहेर विशारद पूर्ण करणे, हा दुसरा मार्ग आहे. वाणिज्य शाखेतून आलेल्या आपल्या मुलीसाठी मला हाच अधिक व्यवहार्य वाटतो, आणि हे वाचून काही संगीत शिक्षक माझ्यावर रागावतील याची मला कल्पना आहे. मध्यमा पूर्ण झालेली असल्यामुळे विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण या दोन परीक्षा पदवीच्या तीन वर्षांत आरामात बसतात. शहरात १८८३ पासून चालत आलेल्या गायन समाज देवल क्लबसारख्या संस्था आहेत, खासगी गुरूंचीही उणीव नाही. वाणिज्याचे शिक्षण वाया जात नाही, कारण या धंद्यात गाण्याइतकेच हिशेबाने लोक बुडतात. कार्यक्रमाच्या पैशातून कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत मागायचा असतो, हेसुद्धा माहीत नसलेले उत्तम वादक माझ्या ओळखीचे आहेत.

पुढे ध्वनिमुद्रणातच जायचे ठरले, तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा ध्वनीविषयक तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, त्यामुळे पदवी तिथेही लागेलच. बाकीची पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावी. पुण्या-मुंबईत ध्वनी अभियांत्रिकीचे खासगी अभ्यासक्रमही बरेच आहेत. त्यांचे शुल्क पाहून घाबरण्याआधी किंवा भारावून जाण्याआधी तिथे एका विद्यार्थ्यामागे कन्सोलवर (आवाज मिसळण्याच्या यंत्रावर) आणि मुद्रण कक्षात प्रत्यक्ष किती वेळ मिळतो, हा एकच प्रश्न लेखी विचारावा.

कामाच्या अनुभवाला आता महाविद्यालयीन शिक्षणात अधिकृत जागा मिळाली आहे, ही अलीकडच्या काळातली चांगली गोष्ट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर बदललेल्या पदवीच्या रचनेत इंटर्नशिप किंवा ऑन जॉब ट्रेनिंगसाठी श्रेयांक (क्रेडिट) ठेवलेले आहेत. एका श्रेयांकाला साधारण ३० तास, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास असा हिशेब असतो. वाद्यवृंदाच्या एका कार्यक्रमात गाडीत सामान चढवण्यापासून परत उतरवण्यापर्यंत दहा-बारा तास जातात, हे लक्षात घेतले तर १२० तास म्हणजे दहा-बारा कार्यक्रम झाले. हे काही फार नाही. मात्र महाविद्यालयाने ते मान्य करावे यासाठी काम सुरू होण्याआधी विभागप्रमुखांकडून पत्र घ्यावे, ज्यांच्याकडे काम करायचे त्यांची लेखी संमती जोडावी आणि कामाचे स्वरूप स्पष्ट लिहावे. काम झाल्यावर प्रमाणपत्र मागायला गेले की बहुधा ‘कार्यक्रमात सहभाग घेतला’ एवढे एका ओळीचे पत्र हाती पडते, आणि त्याला कोणी विचारत नाही.

हा अनुभव कोणाकडे घ्यावा, हे ठरवताना नावापेक्षा त्या माणसाकडे वर्षभर काम असते का आणि तो शिकाऊ मुलांच्या हाती काही देतो का, हे पाहावे. मुंबईतल्या मोठ्या स्टुडिओत महिनाभर चहा पाजण्यापेक्षा इथल्या राजारामपुरीतल्या छोट्या कक्षात एका भक्तिगीताच्या अल्बमचे सगळे टप्पे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. मी शक्यतो पहिले वर्ष वाद्यवृंदात, दुसरे ध्वनियंत्रणेवाल्याकडे आणि तिसरे ध्वनिमुद्रण कक्षात असा क्रम सुचवतो. वाद्यवृंदात गाणी आणि माणसे कळतात, ध्वनियंत्रणेवाल्याकडे आवाजाचे शास्त्र कळते, आणि ही दोन्ही अंगवळणी पडल्यावर मुद्रण कक्षातल्या शांततेत चूक कुठे झाली ते ऐकू येऊ लागते. उलट क्रमाने गेलेली मुले संगणकावर झकास काम करतात, पण समोर शंभर माणसे बसली की त्यांचे हात थांबतात.

वाद्यवृंदात तिने सुरुवातीला काय करावे? गाण्यांची वही सांभाळावी. हे काम क्षुल्लक वाटते, म्हणून त्याचे एक उदाहरण जरा विस्ताराने देतो. कार्यक्रमात एखादे गाणे काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून बसवलेले आहे. गायिकेचा घसा बसला आहे, आणि विंगेत येऊन ती म्हणते, “आज पांढरी पाचमध्ये घ्या.” म्हणजे फक्त अर्धा स्वर खाली. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचे बटण एकदा दाबतो आणि त्याच्यापुरता प्रश्न मिटतो. गिटारवाल्याने पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून काळी चार धरलेली असेल तर तो कापो काढून मोकळा होतो. ऑक्टोपॅड (विजेवरचे तालवाद्य) वाजवणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. पण बासरीवाल्याला बासरीच बदलावी लागते आणि ती त्याने पिशवीतून आणलेली असावी लागते. तबला काळी चारला लावलेला असेल तर तो उतरवावा लागतो आणि त्यासाठी निवेदकाने दोन मिनिटे बोलत राहावे लागते. लॅपटॉपवर मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज नसलेले मुद्रित संगीत) चालणार असेल तर सॉफ्टवेअरने अर्धा स्वर उतरवून चालते, पण दोन-तीन स्वरांहून अधिक ओढले की ट्रॅकमधल्या ढोलकीचा आवाज मेल्यासारखा येतो.

आता हा निरोप गायिकेकडून पाच माणसांपर्यंत अर्ध्या मिनिटात पोहोचवायचा कोणी? वही जिच्या हातात आहे तिने. म्हणून त्या वहीत गाण्याचे नाव, पट्टी, ताल, लय, सुरुवात कोण करतो, मधल्या संगीताला कोणते वाद्य पुढे येते आणि शेवट कसा आहे, एवढे प्रत्येक गाण्यासमोर असले पाहिजे. केरवा ताल आहे असे लिहून भागत नाही, तो चालीवर वाजतो की ढोलकीच्या ठेक्यावर हेही लिहावे लागते. ही वही तिने शंभर गाण्यांपर्यंत नेली तर स्वरज्ञान, तालज्ञान आणि संयोजन यांचा एवढा अभ्यास होतो की, पुढे कीबोर्डच्या मागे बसायची वेळ आल्यावर तिला वेगळे शिकवावे लागत नाही. आमच्याकडे चांगला संयोजक झालेला प्रत्येक जण कधी ना कधी वही सांभाळूनच पुढे आलेला आहे.

ध्वनियंत्रणेवाल्याकडे पाठवायचे म्हटले की पालक दचकतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे महाद्वार रोडवरची विसर्जन मिरवणूक आणि छाती हादरवणारी डॉल्बी उभी राहते. ते काम आणि सभागृहातले काम यांत फार अंतर आहे. सभागृहात तिला पहिल्या महिन्यात केबल गुंडाळायला शिकवतील. कोपराभोवती गरगर गुंडाळलेली केबल आतून पिळते आणि एखाद्या कार्यक्रमात ऐन वेळी खर्रखर्र करू लागते, म्हणून एक वळसा सुलटा आणि एक उलटा अशी ती हातातच गुंडाळायची असते. त्यानंतर माईक, स्टँड, मॉनिटर (गायक-वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) कुठे ठेवायचे ते. माईक शिट्टी मारतो तेव्हा नेमके काय होते, हे तिने पहिल्याच कार्यक्रमात समजून घ्यावे. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, यंत्रणा तो पुन्हा मोठा करून स्पीकरकडे पाठवते, तोच परत माईकमध्ये येतो, आणि हे चक्र काही क्षणांत असह्य होते. नवखा माणूस अशा वेळी घाबरून सगळेच बंद करतो. जाणता माणूस आधी मॉनिटरचा आवाज थोडा उतरवतो, मुख्य स्पीकर माईकच्या पुढे आहेत ना ते पाहतो, मग नेमका कोणत्या उंचीचा आवाज शिट्टी मारतो ते कानाने ओळखून तेवढाच कमी करतो. गायक “आवाज वाढवा” म्हणतो तेव्हा गेन (माईककडून येणारा आवाज) वाढवायचा की फेडर (बाहेर जाणारा आवाज), हेही असेच हात भाजल्याशिवाय कळत नाही. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच दिली जाणारी वीज) लागते आणि ती चालू असताना केबल उपसली की स्पीकरमधून धाडकन आवाज येतो, हे मात्र कोणाचेही कान न फुटता आधीच माहीत असलेले बरे.

कानांचा विषय निघालाच आहे तर तोही नीट सांगतो, कारण याबाबत आपल्याकडे बेफिकिरी फार आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत सोसता येतो, असे मानले जाते. त्यापुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला तो १५ मिनिटांवर येतो. मोठ्या यंत्रणेजवळ १०० डेसिबल ही काही विशेष गोष्ट नाही. ज्या मुलीला आयुष्यभर कानांवर पोट भरायचे आहे, तिच्या पिशवीत इअरप्लगची जोडी हवीच, आणि बेस लावलेल्या गाडीमागे चालण्याचे काम तिने सरळ नाकारावे. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे नियम २००० पासून लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. आयोजकांना हे माहीत असते, तरी पावणेदहाला “अजून दोन गाणी होऊ द्या” असा आग्रह होतोच. परवान्याच्या कागदावर नाव कोणाचे आहे, हे शिकाऊ मुलीलाही ठाऊक असावे.

ध्वनिमुद्रण कक्षातल्या कामाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याविषयी माहिती सर्वत्र उपलब्ध आहे. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मुद्रणाच्या दर्जावर काम करणे, प्रत्येक फाइलला तारीख व गाण्याचे नाव देणे आणि दिवस संपताना दोन ठिकाणी प्रत ठेवणे, या सवयी लागल्या की पहिले सहा महिने सत्कारणी लागले. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किती द्यायचा हे ज्याला साधते, त्याच्याकडे गायक पुन्हा येतात. आवाज फार दिला की गायक स्वर खाली घेतो, कमी दिला की ओरडतो.

आता वेळेचा प्रश्न, जो बहुतेक जण प्रवेश घेताना विचारात घेत नाहीत. हिवाळी सत्राच्या परीक्षांच्या आगेमागे गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी येते. उन्हाळी परीक्षांच्या तोंडावर चैत्रातल्या यात्रा आणि लग्नसराई येते. म्हणजे काम जेव्हा उतू जाते तेव्हाच अभ्यासही डोक्यावर असतो, आणि जून ते ऑगस्ट या पावसाळी महिन्यांत दोन्हीकडे शांतता असते. म्हणून वाद्यवृंदातले प्रत्यक्ष कार्यक्रम वर्षाला ठरावीक इतकेच घ्यायचे असे आधी ठरवावे, आणि तालमी, गाण्यांची वही, नवी गाणी बसवणे, मुद्रण कक्षातले काम हे सगळे पावसाळ्यात लावावे. मालक लोकांनाही ते सोयीचे असते, कारण हंगामात शिकवायला कोणाकडे वेळ नसतो. महाविद्यालयाच्या युवा महोत्सवात सुगम गायन आणि समूहगीताच्या संघात तिने जरूर भाग घ्यावा. तिथली तालीम चांगली होते, शिवाय इतर जिल्ह्यांतले वादक ओळखीचे होतात आणि पुढची कामे पुष्कळदा त्याच ओळखींतून येतात.

मुलीच्या सुरक्षिततेबद्दल आपण विचारले आहे, त्याचे उत्तर ‘पाठवू नका’ असे नाही आणि ‘काही होत नाही’ असेही नाही. पहिल्या वर्षी रात्रीचे मुक्कामाचे कार्यक्रम नकोत. शहरातले किंवा एका तासाच्या अंतरातले कार्यक्रम घ्यावेत, पथकात दुसरी एक तरी स्त्री कलाकार असावी, गाडी कोणाची आणि घरी कोण सोडणार हे निघण्याआधी ठरलेले असावे, आणि हे सगळे व्हॉट्सॲपवर लेखी असावे. ज्या पथकप्रमुखाला असे विचारण्याचा राग येतो, त्याच्याकडे पाठवू नये. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा शिकाऊ व्यक्तींनाही लागू आहे, आणि दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसली तरी जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे तिला आणि आपल्याला दोघांनाही माहीत असावे. केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागल्यानंतर बरेच कार्यक्रम शहरातल्या इतर सभागृहांत आणि मंगल कार्यालयांत गेले, आणि तिथे कलाकारांसाठी स्वच्छ, कडी लागणारी खोली मिळेलच असे नसते. ही मागणी तारीख घेतानाच करायची असते, कार्यक्रमाच्या दिवशी ती कोणी ऐकत नाही.

पैशांबाबत माझे मत जरा कडक आहे. शिकाऊ मुलीला मानधन कमी द्यावे, पण शून्य देऊ नये. येण्याजाण्याचा खर्च, जेवण आणि कार्यक्रमामागे ठरलेली एक छोटी रक्कम एवढे पहिल्या दिवसापासून असावे. “तुला व्यासपीठ मिळतंय ना” असे म्हणून वर्षानुवर्षे फुकट राबवून घेणारे लोक या क्षेत्रात आहेत. सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचे काम, घेताना आयोजकाकडून आगाऊ रक्कम कशी घेतात, उरलेली बिदागी कार्यक्रम सुरू होण्याआधी कशी मागतात, पाऊस आला तर काय करायचे हे आधीच कसे ठरवतात, हे तिने पथकप्रमुखाशेजारी बसून ऐकावे. हे कोणत्याच अभ्यासक्रमात नसते.

शेवटचा आणि महत्त्वाचा विषय सहीचा. यूट्यूबसाठी गाणी करणारे निर्माते नव्या गायिकेकडून मुद्रणाच्या दिवशीच एक कागद सही करून घेतात, आणि त्यात सगळे हक्क कायमचे दिल्याचे लिहिलेले असते. स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा आहे आणि त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा लिहून देऊनही सोडता येत नाही, आणि गायक-वादकांनाही त्यांच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टी मागता येते. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेलेच नसेल तर तो काळ पाच वर्षे धरला जातो, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणून कागदात काळ, प्रदेश आणि माध्यम हे तीन शब्द शोधायचे आणि त्यांच्यापुढे काय लिहिले आहे ते वाचूनच सही करायची. लग्नाच्या वरातीत किंवा लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणी वाजवण्याला कायद्यात सूट आहे, पण तिकीट लावून केलेल्या वाद्यवृंदाला ती नाही. तिथे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारख्या संस्थांचा परवाना लागतो आणि तो आयोजकाने घ्यायचा की पथकाने, हे आधी ठरवावे लागते. आपली मुलगी चाली करू लागली तर तिने याच सोसायटीची सदस्य व्हावे. ती १९६९ पासून गीतकार-संगीतकारांसाठी काम करते आहे.

दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धांबद्दल आपण विचारलेले नाही, पण आज ना उद्या हा विषय घरात निघेल. प्राथमिक फेरीला जाण्यास हरकत नाही. त्यासाठी महाविद्यालयाचे सत्र सोडण्यास माझी हरकत आहे.

प्रवेशाची धावपळ आटोपल्यावर जूनअखेरीस तिने दोन गोष्टी घेऊन एखाद्या वाद्यवृंदप्रमुखाला भेटावे. स्वतः वेगवेगळ्या पट्ट्यांत गायलेली तीन गाणी, फोनवर साधी मुद्रित केलेली, त्यांवर कोणताही इफेक्ट न लावता. आणि ऐकून लिहिलेली दहा गाण्यांची वही, पट्टी, ताल आणि कॉर्डसह. गाणी ऐकायला प्रमुखाला वेळ नसला तरी वही तो उघडतोच.